गावठी पिल्लू

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील उसाचे फड एकामागून एक रिकामे होऊ लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे गाळप संपत आलेले असते. निरा डाव्या कालव्याच्या आसपास, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर चार-पाच महिने उभ्या असलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या मग एके दिवशी मोडल्या जातात. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या आपला संसार गाड्यांत भरतात. भांडीकुंडी, गोधड्या, पाण्याची पिंपे, शेळ्या, कोंबड्या यांची एकच गर्दी उडते, आणि दिवस मावळण्यापूर्वी गाड्या परतीच्या वाटेला लागतात. मागे उरतात ते चुलीचे काळवंडलेले दगड, पाचटाचा थोडा केर, आणि कधी कधी एखादे कुत्र्याचे पिल्लू.

त्याला कोणी मुद्दाम टाकलेले असते असे नाही. गाड्या निघाल्या त्या वेळी ते बांधाच्या पलीकडे खेळत असेल, कोपीमागच्या सावलीत झोपले असेल. किंवा भरल्या गाडीत त्याला ठेवायला जागाच उरली नसेल. ज्यांच्या पोटापाण्याची सोय दर सहा महिन्यांनी गाव बदलते, त्या माणसांना दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. शिवाय टोळीचेच पिल्लू मागे राहते असे कोठे आहे? बाजारपेठेत, एस. टी. स्थानकाच्या आडोशाला, मंगल कार्यालयाच्या उष्ट्यावर आणि गावातील आळीआळींतही अशी पिल्ले दिसतात. आपल्याकडील मोकळ्या कुत्र्यांची बहुतेक पिल्ले पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडी जन्मतात. त्यामुळे उसाचा हंगाम आणि पिल्लांचे बाळपण ही दोन्ही एकाच वेळी चाललेली असतात.

अशा पिल्लाच्या आयुष्याचा हिशेब एकदा शास्त्रज्ञांनी मांडून पाहिला. कोलकात्याजवळील विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांतील सुमारे १९ टक्केच जगली. मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पिल्लांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता; कोणी वाहनाखाली सापडले, कोणी मार खाऊन मेले. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोपीच्या जागेवर एकटे उरलेले पिल्लू कोणत्या संकटात आहे, याची त्यावरून कल्पना यावी.

शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या दृष्टीस ते पडते. कोणीतरी त्याला दप्तरातील डब्याची उरलेली पोळी घालते, आणि ते शेपूट हलवीत मागे मागे येऊ लागते. घराच्या दाराशी मग नेहमीचा संवाद घडतो. “आई, ठेवू या ना गं याला!” असे मूल म्हणते. “आज ठेवशील, उद्या त्याचं कोण करील?” असे आई विचारते. आजी ओसरीवरून म्हणते, “अगं, मुकं जनावर दारी आलंय, आधी पाणी तरी दे.” या तिघींचेही म्हणणे खरे आहे. परंतु आईच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत अवघड आहे, आणि ते देण्यासाठी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

पिल्लू गावठी आहे, म्हणजे काय? तांबूस, काळे, पांढरे, कबरे, अशा कोणत्याही रंगाचे. एक कान उभा, दुसरा पडलेला. आईबापांच्या जातीचा ठावठिकाणा नाही. पुण्या-मुंबईच्या श्रीमंत घरांतून परदेशी जातींची पिल्ले मोठ्या किमतीला विकत आणली जातात. त्यांच्याशेजारी हे पिल्लू कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु या भूमीशी त्याचा संबंध फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या वस्तीतील गुराढोरांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे सापडली आहेत. काश्मिरातील बुर्झहोम येथे तर त्याहूनही प्राचीन काळी माणसाच्या दफनात कुत्र्यालाही पुरलेले आढळते. ज्याला आपण आज रस्त्यावरचे म्हणतो, तो प्राणी रस्ते होण्यापूर्वीपासून माणसाच्या चुलीशेजारी बसलेला आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील एक कथा येथे आठवण्यासारखी आहे. जनमेजय राजाचा यज्ञ चालू असता तेथे एक कुत्र्याचे पिल्लू आले. राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे गेले. तिने विचारले, ‘तू काही अपराध केलास का?’ पिल्लू म्हणाले, ‘मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, त्याला जीभही लावली नाही.’ सरमा तडक यज्ञमंडपात गेली आणि निरपराध पिल्लाला का मारले, याचा जाब तिने राजाला विचारला. त्या भरल्या मंडपात तिला उत्तर देण्यास कोणी पुढे आले नाही. तेव्हा तिने राजाला शाप दिला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीच एका मार खाल्लेल्या पिल्लाची तक्रार यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या ग्रंथाच्या शेवटाकडे युधिष्ठिराबरोबर चालत जाणारा कुत्रा सर्वांना ठाऊकच असतो. सरमेचे पिल्लू मात्र बहुतेकांना माहीत नसते.

बारामतीपासून जवळच असलेल्या जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो. श्रीदत्ताच्या पायाशीही चार कुत्री असतात. ज्या वाटेने संत तुकाराम महाराजांची पालखी दर आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरपूरला जाते, त्या वाटेवर नामदेवांची गोष्ट अजून सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांना चिंता. असे असूनही आपल्या भाषेत ‘कुत्रा’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो. हा आपल्या बोलण्यातील मोठाच विसंवाद आहे.

संमिश्र जातीच्या रस्त्यावरील कुत्र्यांना अलीकडच्या काळात दोन अगदी वेगळी भाग्ये लाभली. सोव्हिएत रशियाने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी जिला अवकाशात पाठविले, ती लायका मॉस्कोच्या रस्त्यावर पकडलेली कुत्री होती. रस्त्यावरची कुत्री थंडी आणि भूक अधिक सोसू शकते, म्हणून तिची निवड झाली. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती. काही तासांतच उष्णतेने तिचा अंत झाला, आणि ही गोष्ट जगाला कळण्यास २००२ साल उजाडावे लागले. दुसरे उदाहरण मुंबईचे. उद्योगपती रतन टाटा यांच्या ‘बॉम्बे हाऊस’ या कचेरीत रस्त्यावरील कुत्र्यांना हक्काची जागा होती. गोव्यात एका सहकाऱ्याच्या मोटारीत चढून बसलेले एक लहान पिल्लू असेच त्या कचेरीत आले, आणि त्याचे नावच ‘गोवा’ पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी ‘गोवा’लाही आणण्यात आले होते.

आता पुन्हा कोपीच्या जागेवरील पिल्लाकडे वळले पाहिजे. पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते पोरके आहेच, असे समजू नये. त्याची आई अन्नाच्या शोधात गेलेली असू शकते. दुरून दोन-चार तास, शक्य तर संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवावे. ती परत आली, तर पिल्लू तिच्यापाशीच राहू द्यावे आणि हवे तर आईलाच खायला द्यावे. जन्मल्यावर पिल्लाचे डोळे मिटलेले व कानही बंद असतात. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याला ऐकू येऊ लागते. सहा ते आठ आठवडे ते आईजवळ राहिले, तर त्याच्या अंगात बळ येते. शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे आणि कोठे थांबावे, हेही ते शिकते. हौसेपायी महिन्याचे पिल्लू आईपासून तोडून आणणे म्हणजे दया नव्हे. टोळी निघून गेल्यावर उरलेले पिल्लू बहुधा दोन-अडीच महिन्यांचे असते. ते घरी आणण्यास योग्य वय होय.

घरी आणण्यापूर्वी मोठ्यांची संमती घेतली पाहिजे. आणि ती घेताना आयुष्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कुत्रा साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे जगतो. अकरा वर्षांच्या मुलीने आज आणलेले पिल्लू म्हातारे होईल, तेव्हा ती स्वतः पंचविशीच्या घरात असेल. मधल्या काळात ती शिक्षणासाठी पुण्यास जाईल, नोकरीला लागेल, कदाचित लग्न होऊन सासरी जाईल. त्या वेळी कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ कोण खाऊ घालणार, आणि त्याच्या दुखण्यात दवाखान्यात कोण नेणार? आईचा दारातील प्रश्न हाच होता. तिने विचारपूर्वक ‘नाही’ म्हटले, तर तेही मान्य केले पाहिजे. अशा वेळी पिल्लासाठी दुसरे घर शोधणे हे मुलाच्या हाती उरतेच. हौस फिटल्यावर पाळलेले जनावर पोत्यात घालून दूर सोडून देणारे लोक आढळतात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा अपराध आहे.

घरात पहिली रात्र कठीण जाते. आजवर ते पिल्लू भावंडांच्या उबेत झोपलेले असते. अंधारात एकटे पडताच ते केविलवाणे रडू लागते, आणि घरातील सर्वांची झोप मोडते. या रडण्यावर रागावून त्याला अंगणात बांधून टाकणे हा उपाय नव्हे. दाराजवळच्या कोपऱ्यात तरटाचे पोते अंथरावे, त्यावर जुन्या लुगड्याची घडी ठेवावी आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. कोणी त्याच्या आवाजाच्या टप्प्यात झोपले, की दोन-तीन रात्रींत ते शांत होते. जागेची सवय लावण्याचीही हीच वेळ. झोपून उठल्यावर आणि खाणे झाल्यावर लगेच त्याला अंगणातील ठरलेल्या जागी न्यावे. घरात घाण झाली म्हणून त्याचे नाक त्यात घासण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, ती निरर्थक आहे. त्यापासून पिल्लू एवढेच शिकते, की माणसाचे हात वाईट असतात.

त्याच्या आहाराविषयी मोठी माणसेही चुकतात. दूध-भाकरी कुस्करून दिली की झाले, अशी समजूत खेडोपाडी आहे. वस्तुतः कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश व प्रथिने जास्त आणि दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे गाईचे दूध भरपूर पाजले, तर पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. मऊ भात, उकडलेले अंडे, थोडे दही, घरात चालत असेल तर बिनमसाल्याचे शिजविलेले मांस, असे अन्न त्याला मानवते. भाकरी द्यावीच, पण केवळ भाकरी नव्हे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे, पुढे तीनदा, आणि सहा महिन्यांनंतर दोनदा. शिजलेली कोंबडीची हाडे चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून ती देऊ नयेत. कांदा, लसूण आणि चॉकलेट ही त्याला घातक आहेत. या भागात द्राक्षांच्या बागा आहेत. तेथील मुलांनी हे ध्यानात ठेवावे, की माणसाला गोड लागणारी द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा करतात. धान्याच्या कोठाराजवळ उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिषही असेच धोक्याचे. पिण्याचे स्वच्छ पाणी मात्र त्याच्यासमोर सदैव असावे; उन्हाळ्यात ते पाणी सावलीत ठेवावे.

चौथ्या महिन्यापासून पिल्लाचे दुधाचे दात पडू लागतात. ते अठ्ठावीस असतात, आणि त्यांच्या जागी बेचाळीस नवे येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि घरातील एकही चप्पल सुरक्षित राहत नाही. जुन्या सुती दोरीच्या गाठी करून त्याला चावायला दिल्या, तर चपला वाचतात. सगळ्याच वाचतील, अशी आशा मात्र करू नये.

पिल्लू माणसाळते कसे, याविषयी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यावरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील एका प्रयोगात काही पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात माणसांपासून दूर वाढविले. चौदा आठवडे ज्यांचा माणसाशी संबंधच आला नाही, ती पुढे माणसाजवळ येण्यास कायम बिचकली. म्हणजे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या दिवसांत पिल्लाने म्हातारी माणसे, लहान मुले, सायकल, ट्रॅक्टर, बैल, कोंबड्या आणि पावसाचा आवाज हे सारे भीती न वाटता अनुभवले, तर ते शहाणे होते. ज्याला या दिवसांत नुसते दगड मिळाले, ते मोठेपणी भित्रे होते. आणि भित्रे कुत्रेच बहुधा आधी चावते. गल्लीतील ज्या कुत्र्याला ‘द्वाड’ म्हणतात, त्याचा द्वाडपणा त्याच्या बाळपणातून आलेला असतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

पिल्लू घरी आणल्यावर एक-दोन दिवसांतच त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. हे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत अधिक टाळले जाणारे आहे. पिल्लाच्या पोटात जंत बहुधा आईपासूनच आलेले असतात. फुगलेले पोट आणि वाळलेले अंग ही त्याची खूण. डॉक्टर जंतांचे औषध वजन पाहून देतात आणि ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावे लागते. कानामागे, बोटांच्या फटींत गोचिडी आहेत का, तेही पाहतात. नंतर लसी. पार्व्हो नावाचा एक विषाणू आहे. तो जगाला प्रथम १९७८ मध्ये ओळखू आला, आणि आज तो पिल्लांचा मोठा काळ ठरला आहे. पिल्लू खाणे सोडते, ओकते, रक्ताची हगवण लागते, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचलेली लस त्याला या रोगापासून वाचविते. ही टोचणी पूर्ण होईपर्यंत त्याला बाजारात व उकिरड्यावर फिरवू नये.

आणि मग रेबीजची लस. ती साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. रेबीज म्हणजे कुत्रा पिसाळण्याचा रोग. तो चाव्यातून किंवा लाळेतून माणसाला होतो. लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे. त्यांतील फार मोठा वाटा भारताचा असून, बळी पडणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. कारण उघड आहे. मुले कुत्र्यांबरोबर खेळतात, आणि चावा घेतला की घरी रागे भरतील या भीतीने ते लपवितात. हे लपविणे जिवावर बेतते. पिल्लू लहान आहे, म्हणून त्याचा दातही निरुपद्रवी आहे, असे नाही. तीन महिन्यांहून लहान पिल्लालाही हा रोग होऊ शकतो. चावा असो, ओरखडा असो, की जखमेवर लागलेली लाळ असो, ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट असले काही जखमेत भरू नये.

या रोगावर आज उपाय आहे, याचे श्रेय लुई पाश्चर यांना जाते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे त्यांच्याकडे जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला आणण्यात आले. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे अनेक ठिकाणी लचके तोडले होते. पाश्चर हे वैद्य नव्हते, आणि त्यांची लस तोवर कुत्र्यांवरच यशस्वी झाली होती. तरी आईच्या डोळ्यांतील भीती पाहून, आणि दुसरा मार्ग नाही हे जाणून, डॉक्टरांच्या हातून त्यांनी दहा-अकरा दिवसांत तेरा टोचण्या देवविल्या. मुलगा वाचला. परंतु रोगाचे मूळ तोडायचे, तर माणसाला नंतर टोचण्यापेक्षा कुत्र्याला आधी टोचणे अधिक उपयोगाचे असते. हे गोव्याने दाखवून दिले आहे. तेथे मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालली, आणि २०१८ पासून पुढे काही वर्षे त्या राज्यात एकही मनुष्य रेबीजने दगावला नाही. २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले. एखाद्या परिसरातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाचा फैलाव तुटतो, असे तज्ज्ञ मानतात. घरी आणलेले पिल्लू या सत्तरांतील एक होऊ शकते.

मागे राहिलेल्या पिल्लांत माद्या अधिक असतात, हे ज्यांनी निरखून पाहिले आहे त्यांना ठाऊक असते. नराला कोणीतरी उचलून नेते. ‘मादी आहे, पिल्ले घालीत बसेल’ असे म्हणून तिला तेथेच ठेवतात. वस्तुतः राखण करण्यात मादी नराहून यत्किंचितही उणी नसते. कुत्रीची गर्भावस्था सुमारे त्रेसष्ट दिवसांची असते आणि एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात, हे खरे. तथापि साधारण सहा महिन्यांच्या वयानंतर पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली, की हा प्रश्न उरत नाही. उलट गर्भाशयाचे काही गंभीर आजारही टळतात. नराचीही शस्त्रक्रिया करता येते, आणि ती केल्यास त्याचे भटकणे व मारामाऱ्या कमी होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांची अशी शस्त्रक्रिया व लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. घरच्या कुत्र्याची मात्र घरच्यांनीच केली पाहिजे.

इंदापूर आणि बारामती येथे या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. ती शहरातील मुलांच्या लक्षात येणार नाही. कालव्याच्या पाण्यापासून दूर, कडबनवाडी, शिर्सुफळ, सुपे अशा भागांत कोरडा गवताळ माळ पसरला आहे. तेथे चिंकारा हरणे आहेत, लांडगे आहेत, खोकड, कोल्हे आणि तरस आहेत. गावातील मोकाट कुत्री रात्री या माळावर जातात. ती चिंकाऱ्यांच्या पाडसांमागे लागतात. आणि त्याहून वाईट म्हणजे आपले रोग तेथे नेतात. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात संशोधकांनी गावच्या कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा बहुसंख्य कुत्र्यांना पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. डिस्टेंपर लांडग्यालाही होतो, खोकडालाही होतो. पुणे परिसरातील माळावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेले प्राणीही असल्याचे २०२३ मध्ये जनुकांच्या तपासणीवरून निश्चित झाले. असे होत राहिले, तर माळावरचा शुद्ध लांडगा हळूहळू नाहीसा होण्याची भीती आहे. धनगराच्या मेंढरांमागे चालणारे कुत्रे आपल्या कळपापाशीच राहते. उपद्रव होतो तो मालक नसलेल्या, किंवा मालक असूनही रात्री मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांचा. म्हणून लस दिलेले, शस्त्रक्रिया केलेले आणि रात्री अंगणात राहणारे एक गावठी कुत्रे म्हणजे कधीही न पाहिलेल्या एखाद्या लांडग्याचाही बचाव होय. मात्र याचा अर्थ त्याला अष्टौप्रहर साखळीला बांधावे असा नव्हे. दिवसभर बांधलेले कुत्रे चिडखोर होते. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरविणे हा पाळणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे.

दवाखान्यात पिल्लाच्या नावाचे एक पत्रक मिळते. त्यावर कोणती लस कोणत्या तारखेस दिली आणि पुढची केव्हा द्यावयाची, ते लिहिलेले असते. हे पत्रक घरातील दिनदर्शिकेच्या मागे अडकवून ठेवण्याची पद्धत चांगली. कारण वर्षभराने नेमका त्याचाच विसर पडतो. फाल्गुनात आणलेल्या पिल्लाच्या रेबीजच्या लशीची तारीख पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सुमारास येते. तोपर्यंत ते पुरते वाढलेले असते. कारखान्याचे गाळप आटोपून गाड्या पुन्हा परतीच्या वाटेला लागलेल्या असतात, आणि दवाखान्याच्या ओसरीवर त्याच्या शेजारी कोणीतरी कापडी पिशवीत नवे पिल्लू घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले असते.